हॅरिएट न्यूएल (१७९३–१८१२): एका अपुऱ्या प्रवासाचा इतिहास

१

मुंबईच्या अमेरिकन मराठी मिशनचा इतिहास सामान्यतः इ. स. १८१३ पासून सांगण्यात येतो. त्या वर्षाच्या फेब्रुवारी महिन्यात गॉर्डन हॉल व सॅम्युअल नॉट हे दोन तरुण अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले. त्यांच्या मागून छापखाना आला, देवनागरीतील मुद्रण आले, मुलामुलींच्या शाळा आल्या आणि पुढे १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघाले. एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याचा व शिक्षणाचा अभ्यास करणाऱ्यांस या घटना सुपरिचित आहेत. तथापि ज्या तुकडीतून हॉल व नॉट हे अमेरिकेहून निघाले त्या तुकडीत एकूण आठ माणसे होती, त्यांतील तीन स्त्रिया होत्या आणि त्या तिघींपैकी वयाने सर्वांत लहान असलेली स्त्री मुंबईपर्यंत कधी पोहोचलीच नाही, या गोष्टीकडे आपल्याकडील लेखकांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही.

तिचे नाव हॅरिएट न्यूएल. मायदेश सोडताना तिचे वय अठरा वर्षांचे होते. पुरती एकोणीस वर्षांची होऊन दोन महिनेही लोटले नव्हते तोच मॉरिशस बेटावर तिचा अंत झाला. ज्या कार्यासाठी ती निघाली होती ते कार्य तिच्या हातून सुरूदेखील झाले नाही. तिने एकही शाळा चालविली नाही, एकही पुस्तक भाषांतरित केले नाही, कोणाचे धर्मांतर घडविले नाही. बंगालमध्ये तिचा मुक्काम अवघा सात आठवड्यांचा होता. असे असूनही अमेरिकेतील परदेशी मिशनच्या इतिहासात पहिल्या पिढीतील जी नावे घरोघर पोहोचली त्यांत तिचे नाव अग्रभागी आहे.

हा विरोध इतिहासाच्या अभ्यासकाने बारकाईने तपासण्याजोगा आहे. फलहीन ठरलेल्या एका प्रवासाला एवढे मोल का प्राप्त झाले? आणि ते मोल ज्या लेखनामुळे प्राप्त झाले, त्या लेखनातून खुद्द त्या मुलीचा अनुभव आपल्या हाती कितपत लागतो? प्रस्तुत निबंधाचे प्रयोजन या दोन प्रश्नांपुरते मर्यादित आहे.

२

हॅरिएट अ‍ॅटवुड हिचा जन्म १० ऑक्टोबर १७९३ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील हेव्हरिल या गावी झाला. वडील मोझेस अ‍ॅटवुड हे व्यापारी होते. नऊ भावंडांच्या भरल्या घरात ती वाढली. १८०८ मध्ये वडील क्षयाने वारले व संसाराचा सर्व भार विधवा आईवर पडला. ही गोष्ट ध्यानात ठेवणे अवश्य आहे, कारण पुढे हॅरिएटचा निर्णय आणि तिचा मृत्यू या दोहोंशीही तिचा संबंध येतो.

हेव्हरिलसमोर मेरिमॅक नदीच्या पलीकडील तीरावर ब्रॅडफर्ड हे गाव होते. तेथे १८०३ मध्ये स्थापन झालेल्या विद्यालयात मुलांबरोबर मुलींनाही शिक्षण मिळत असे. १८०६ मध्ये हॅरिएट तेथे दाखल झाली. त्या सुमारास न्यू इंग्लंडमध्ये धर्मजागृतीची मोठी लाट उसळली होती. पापाची जाणीव, पश्चात्ताप, ईश्वरी कृपेचा प्रत्यय आणि त्यानंतर चर्चचे सभासदत्व, अशा पायऱ्यांनी तरुण मुलेमुली जात असत. हॅरिएटही तेराव्या वर्षाच्या आसपास या अनुभवातून गेली आणि १८०९ मध्ये हेव्हरिलच्या चर्चची सभासद झाली. ती रोजनिशी लिहू लागली तीही याच काळात. प्युरिटन परंपरेत रोजनिशी हे आत्मपरीक्षणाचे साधन मानले जाई. दिवसभरात मन कोठे ढळले, प्रार्थनेत लक्ष लागले की नाही, याचा जमाखर्च तीत मांडावयाचा असे. म्हणून हॅरिएटच्या रोजनिशीचा सूर कितीही सहज वाटला तरी तिची घडण शिकविलेली होती, हे प्रथमच लक्षात घेतले पाहिजे.

त्याच १८०६ साली त्याच राज्याच्या पश्चिम भागातील विल्यम्स महाविद्यालयात वेगळीच घटना घडली. सॅम्युअल मिल्स आणि त्याचे चार सोबती उघड्यावर प्रार्थनेसाठी जमले असता वादळ आले. गवताच्या गंजीच्या आडोशाला बसून त्यांनी आशियात धर्मप्रसारासाठी जाण्याचा विचार बोलून दाखविला. पुढे अँडोव्हर येथील ईश्वरविद्या पाठशाळेत या मंडळीतील काहींची अ‍ॅडोनिरम जडसन, सॅम्युअल नॉट, सॅम्युअल न्यूएल इत्यादी विद्यार्थ्यांशी गाठ पडली. जून १८१० मध्ये चर्चच्या प्रांतिक सभेपुढे या विद्यार्थ्यांनी एक अर्ज सादर केला. आम्ही परदेशी जाण्यास सिद्ध आहो, आम्हांस पाठविण्याची व्यवस्था करावी, असा त्याचा आशय होता. या अर्जातून 'अमेरिकन बोर्ड ऑफ कमिशनर्स फॉर फॉरिन मिशन्स' ही संस्था जन्मास आली. संस्थेने स्वयंसेवक शोधले असे नव्हे. स्वयंसेवक आधी पुढे आले आणि त्यांना पाठविण्यासाठी संस्था उभी करावी लागली. ही सभा भरली ती हॅरिएटच्या शाळेच्या गावी, ब्रॅडफर्ड येथे.

३

१० ऑक्टोबर १८१० रोजी, म्हणजे हॅरिएटला सतरा वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, तिच्या रोजनिशीत एक महत्त्वाची नोंद सापडते. ब्रॅडफर्डची तिची मैत्रीण अ‍ॅन हॅसेल्टाइन तिला भेटावयास आली आणि जडसनशी विवाह करून आपण परदेशी जाणार असल्याचे तिने सांगितले. ते ऐकून हॅरिएट चकित झाली व अंतर्मुखही झाली. त्याच महिन्यात सॅम्युअल न्यूएल याच्याशी तिची प्रथम ओळख झाली आणि १८११ च्या वसंतऋतूत त्याने तिला मागणी घातली.

ही मागणी सामान्य विवाहाची नव्हती. होकार देणे म्हणजे आई, भावंडे, गाव आणि देश यांचा बहुधा कायमचा निरोप घेणे होय, हे दोघांनाही पूर्ण ठाऊक होते. न्यूएलच्या पत्राने तिच्या मनाची जी घालमेल झाली ती रोजनिशीत उमटली आहे. आईने नाही म्हणावे आणि प्रश्न आपोआप सुटावा, अशी आशाही तिच्या मनात डोकावून गेली असावी, असे त्या नोंदी वाचताना वाटते. परंतु आईने मुलीस अडविले नाही. निर्णय तिच्यावरच सोपविला. तीन वर्षांपूर्वी पतीस मुकलेल्या स्त्रीने असे करणे ही सामान्य गोष्ट नव्हे. त्यामुळे मुलीची वाट मोकळी झाली, पण तिच्यावरील भार मात्र वाढला. आता नकार द्यावयाचा तरी तो तिने स्वतःच द्यावयास हवा होता.

तत्कालीन अमेरिकेत सतरा-अठरा वर्षांच्या मुलीस सार्वजनिक कार्याचे मार्ग जवळजवळ बंद होते. ती धर्मोपदेशक होऊ शकत नव्हती, महाविद्यालयात जाऊ शकत नव्हती. बोर्डाच्या दृष्टीने मिशनरी म्हणजे दीक्षा घेतलेला पुरुष. त्याची पत्नी ही साहाय्यक. अशा स्थितीत विवाह हाच एका मोठ्या कार्यात प्रवेश करण्याचा दरवाजा ठरला. हॅरिएटचा निर्णय केवळ पतीच्या मागे जाणे होता, असे म्हणणे रोजनिशीच्या साक्षीविरुद्ध होईल. त्याचप्रमाणे तो पूर्णपणे स्वतंत्र होता, असे म्हणणे परिस्थितीच्या साक्षीविरुद्ध होईल. धर्मश्रद्धा, एका मैत्रिणीचे उदाहरण, प्रेम आणि कर्तव्याची कल्पना यांचे धागे त्यात एकमेकांत गुंतलेले आहेत.

६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम येथील टॅबरनॅकल चर्चमध्ये जडसन, नॉट, न्यूएल, हॉल व ल्यूथर राइस या पाच तरुणांचा दीक्षाविधी झाला. अँडोव्हरचे प्राध्यापक लेनर्ड वुड्स यांनी त्या प्रसंगी प्रवचन केले. ९ फेब्रुवारीस हॅरिएट व न्यूएल विवाहबद्ध झाली आणि त्यानंतर दहाच दिवसांनी, १९ फेब्रुवारीस, 'कॅरव्हॅन' नावाच्या दोन डोलकाठ्यांच्या जहाजातून न्यूएल व जडसन ही दोन नवपरिणीत दांपत्ये सेलम बंदरातून कलकत्त्याकडे निघाली. नॉट पतिपत्नी, हॉल व राइस हे त्याच महिन्यात फिलाडेल्फियाहून 'हार्मनी' या जहाजाने निघाले.

४

चार महिन्यांच्या या जलप्रवासाची हकीकत हॅरिएटने आईसाठी लिहिलेल्या मजकुरातून कळते. आरंभीच जहाजास गळती लागली. समुद्र लागल्यामुळे सर्वांची अवस्था वाईट झाली. अन्न एकसुरी, पाणी बेचव आणि हवा कधी अतिशीत तर कधी असह्य उष्ण. हालचालीस जागा नसल्यामुळे प्रकृती बिघडू नये म्हणून ही तरुण मंडळी डेकवर दोरीवरच्या उड्या मारीत असत, असे अ‍ॅन जडसनच्या लेखनावरून कळते. स्मृतिग्रंथांतील गंभीर मुद्रांमागे वीस वर्षांच्या आतबाहेरची ही माणसे होती, याची अशा बारीक तपशिलाने आठवण होते.

१७ जून १८१२ रोजी 'कॅरव्हॅन' कलकत्त्यास पोहोचले. हुगळीच्या दोन्ही तीरांवरील हिरवळ आणि गवताने शाकारलेल्या झोपड्या यांचे वर्णन हॅरिएटने कौतुकाने केले आहे. जहाज लागले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १८ जून रोजी, अमेरिकेने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारले. ती वार्ता कलकत्त्यास येण्यास पुढे काही महिने जावयाचे होते; तथापि ज्या सत्तेच्या प्रदेशात ही मंडळी उतरली होती त्या सत्तेची ती आता शत्रुराष्ट्राची प्रजा झाली होती.

विल्यम केरी यांच्या निमंत्रणावरून ती सेरामपूर येथील बॅप्टिस्ट मिशनमध्ये राहावयास गेली. मराठी वाचकांस केरी परके नाहीत. फोर्ट विल्यम महाविद्यालयात ते बंगाली व संस्कृतबरोबर मराठीही शिकवीत. त्यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि पंडित वैजनाथ शर्मा यांच्या साहाय्याने सिद्ध झालेला मराठी कोश १८१० मध्ये प्रसिद्ध झाला होता. मात्र हॅरिएट तेथे पोहोचली तेव्हा या प्रसिद्ध छापखान्याची अवस्था शोचनीय होती. ११ मार्च १८१२ रोजी लागलेल्या आगीत कागद, टंक व हस्तलिखिते यांचा मोठा साठा जळून गेला होता आणि केरी व त्यांचे सहकारी तो पुन्हा उभा करण्याच्या उद्योगात होते.

सेरामपूरच्या मुक्कामात हॅरिएटने जे पाहिले त्यात जवळच्या महेश गावच्या जगन्नाथाचा उत्सव होता. मूर्तीस स्नान घालण्याचा सोहळा आणि भोवतालचा जनसमुदाय पाहून तिला करुणा वाटली, भयही वाटले. अज्ञानाच्या अंधारात बुडालेले लोक, एवढाच त्या दृश्याचा अर्थ तिला लागला. त्या लोकांची भाषा तिला येत नव्हती. कोणाशी बोलून त्यांच्या श्रद्धेचे स्वरूप जाणून घेण्यास तिला वेळही मिळाला नाही. भारतात येण्यापूर्वीच भारताचे जे चित्र तिच्या मनात तयार होते, तेच तिला येथे दिसले. तिच्या वयाकडे व अल्प मुक्कामाकडे पाहता त्याबद्दल तिला दोष देणे अनुचित होईल. परंतु तिच्या या नोंदी पुढे हजारो अमेरिकन वाचकांच्या हाती प्रत्यक्षदर्शी पुरावा म्हणून गेल्या, हे विसरता येत नाही. त्या गर्दीतील कोणाही स्त्रीपुरुषाचे मत त्या पुराव्यात नाही.

५

मंडळी उतरताच पोलीस कचेरीतून बोलावणे आले आणि आले त्याच जहाजाने अमेरिकेस परत जावे, असा हुकूम मिळाला. यामागील कारण व्यक्तिगत द्वेषाचे नव्हते. १८०६ मध्ये वेलोर येथे शिपायांचा उठाव झाल्यापासून एतद्देशीयांच्या धर्मात हस्तक्षेप होतो असा संशय येऊ देणे राज्यास धोक्याचे आहे, असे कंपनीच्या अधिकाऱ्यांस वाटत होते. कंपनीच्या सनदेत मिशनऱ्यांना मोकळीक नव्हती. सेरामपूर ही डॅनिश वसाहत असल्यामुळे केरी प्रभृतींना पूर्वी तेथे आश्रय मिळाला होता. परंतु १८०८ पासून ती वसाहत इंग्रजांच्या ताब्यात होती आणि डॅनिश निशाणाचे छत्र नाहीसे झाले होते. त्यातून ही मंडळी अमेरिकन. तेव्हा त्यांना ठेवून घेण्यात लॉर्ड मिंटो यांच्या सरकारला काहीही लाभ नव्हता.

बरीच विनंती केल्यावर कंपनीच्या मुलखाबाहेर इतरत्र जाण्याची परवानगी मिळाली. मॉरिशस बेट इंग्रजांनी १८१० च्या डिसेंबरात फ्रेंचांकडून जिंकले होते, पण ते कंपनीच्या अमलाखाली नव्हते. तिकडे जाणाऱ्या एका जहाजात केवळ दोन प्रवाशांची सोय होती. हॅरिएट गरोदर असल्यामुळे न्यूएल दांपत्याने आधी निघावे असे ठरले आणि ४ ऑगस्ट १८१२ रोजी ती दोघे निघाली. 'हार्मनी' जहाज कलकत्त्यास लागले ते त्यानंतर काही दिवसांनी. त्यामुळे हॉल व नॉट यांची तिची भेटही झाली नाही.

पुढील तीन महिने हालांचे गेले. वारा प्रतिकूल होता. जहाज बंगालच्या उपसागरात भरकटत राहिले, त्यास गळती लागली आणि दुरुस्तीसाठी आंध्र किनाऱ्यावरील कोरिंगा बंदराचा आश्रय घ्यावा लागला. तेथे हॅरिएट आजारी पडली. पुन्हा प्रवास सुरू झाल्यावर ऑक्टोबर महिन्यात, भर समुद्रात, अपुऱ्या दिवसांची मुलगी जन्मास आली. जवळ वैद्य नव्हता, सुईण नव्हती, दुसरी स्त्रीही नव्हती. सर्व शुश्रूषा पतीनेच केली. वादळी पावसात मायलेकी भिजल्या. पाच दिवसांनी मूल दगावले आणि त्यास समुद्रात मूठमाती द्यावी लागली. नोव्हेंबरच्या आरंभी पोर्ट लुई येथे पोहोचेपर्यंत हॅरिएटच्या ठिकाणी क्षयाची लक्षणे स्पष्ट दिसू लागली होती. वडिलांचा अंत ज्या रोगाने झाला तोच हा रोग. ३० नोव्हेंबर १८१२ रोजी तिने प्राण सोडला. जडसन पतिपत्नी जानेवारी १८१३ मध्ये मॉरिशसला आली तेव्हा त्यांना भेटला तो एकटा न्यूएल.

६

यापुढे हॅरिएटच्या जीवनाचा दुसरा भाग सुरू होतो आणि तो सर्वस्वी इतरांच्या हातचा आहे. तिचे अखेरचे दिवस कसे गेले हे सांगणारे मुख्य साधन म्हणजे न्यूएलने डिसेंबर १८१२ मध्ये पोर्ट लुईहून तिच्या आईस लिहिलेले दीर्घ पत्र. मृत्युशय्येवर असताना तिने मायदेशी निरोप पाठविला, त्यात आपण स्वीकारलेल्या मार्गाबद्दल आपणास मुळीच पश्चात्ताप होत नाही असे आवर्जून सांगितले, ही गोष्ट आपणास त्या पत्रावरूनच कळते.

ही साक्ष खोटी मानण्यास काहीही आधार नाही. परंतु ती कोणी, कोणास व कोणत्या प्रसंगी दिली, हे पाहणे अभ्यासकाचे कर्तव्य आहे. लिहिणारा अठ्ठावीस वर्षांचा पती असून दोन महिन्यांच्या आत त्याने पत्नी व मूल दोन्ही गमावली आहेत. ज्या आईने मुलीस अडविले नाही तिला तो हे कळवीत आहे. तुमच्या मुलीस अखेरपर्यंत खेद वाटला नाही, या एका वाक्याने त्या आईचे सांत्वन होणार होते आणि त्याचे स्वतःचेही. हॅरिएटने ते शब्द उच्चारले असतील. बहुधा उच्चारले असावेत. पण त्या आठ-दहा महिन्यांत तिच्या मनात दुसरे काय काय येऊन गेले, मूल समुद्रात सोडताना तिला काय वाटले, हे सांगण्याचे प्रयोजन त्या पत्रास नव्हते.

तिसरा हात लेनर्ड वुड्स यांचा. हेव्हरिल येथे तिच्या स्मरणार्थ त्यांनी प्रवचन केले आणि १८१४ मध्ये ते प्रवचन, तिच्या रोजनिशीतील व पत्रांतील उतारे आणि न्यूएलचे पत्र ही सर्व एकत्र ग्रंथरूपाने बोस्टन येथे प्रसिद्ध झाली. या ग्रंथाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. बोर्डापुढे त्या वेळी कठीण प्रसंग होता. आठ माणसांपैकी जडसन दांपत्य व राइस यांनी बॅप्टिस्ट मत स्वीकारून बोर्डाशी संबंध सोडला होता. हॅरिएट निवर्तली होती. वर्षाच्या आत निम्मी तुकडी हातची गेली. दाखविण्यासारखे कार्य काहीच नव्हते. अशा वेळी या मुलीचे जीवन हेच कार्य म्हणून लोकांपुढे ठेवण्यात आले आणि लोकांनी ते तसेच स्वीकारले.

त्याचा परिणाम दीर्घकाळ टिकला. अनेक कुटुंबांनी आपल्या मुलींची नावे 'हॅरिएट न्यूएल' अशी ठेवली. पुढे कँटन येथे मुलींची शाळा स्थापणारी हॅरिएट न्यूएल नॉइज आणि अमेरिकेतील शिक्षणसंस्थाचालक हॅरिएट न्यूएल हॅस्केल ही त्यांतील दोन ठळक उदाहरणे होत. खाजगी आत्मपरीक्षणासाठी लिहिलेली रोजनिशी अशा रीतीने एका चळवळीचा जाहीरनामा बनली. जिने ती लिहिली तिची या रूपांतरास संमती विचारण्याचा प्रश्नच उरला नव्हता.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ग्रंथ प्रचारासाठी निघाला म्हणून त्यातील व्यक्ती बनावट ठरत नाही. उताऱ्यांच्या निवडीमागे वुड्स यांचा हेतू आहे; पण निवडीतूनही आईच्या आठवणीने व्याकूळ होणारी, घराचे तपशील पुन्हापुन्हा विचारणारी, धैर्य आणि भीती एकाच पानावर लिहिणारी मुलगी दिसतेच. हुतात्म्याची प्रतिमा जेथे जेथे अपुरी पडते तेथे तेथे मूळ अनुभव डोकावतो आणि अभ्यासकाने शोधावयाचे ते नेमके तेथेच.

७

हॅरिएटच्या मृत्यूनंतर न्यूएल सिलोनला गेला. इकडे हॉल व नॉट यांना मुंबईत पुन्हा त्याच अनुभवास तोंड द्यावे लागले. गव्हर्नर सर ईव्हन नेपियन यांची वृत्ती सौम्य होती. परंतु कलकत्त्याचा हुकूम त्यांना इंग्लंडला पाठविण्याचा होता. नोव्हेंबर १८१३ मध्ये ते दोघे गुप्तपणे कोचीनकडे निसटले, पण त्यांना परत आणण्यात आले. दरम्यान १८१३ च्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांना परवान्यावर येण्याची वाट मोकळी झाली होती आणि अखेर त्यांस राहू देण्यात आले. न्यूएल १८१४ मध्ये मुंबईस येऊन त्यांना मिळाला. हा कायदा एक वर्ष आधी झाला असता तर हॅरिएटला सेरामपूर सोडावे लागले नसते. तिचे मरण टळलेच असते असे म्हणता येत नाही. पण ज्या जलप्रवासाने ते ओढवून आणले तो तरी टळला असता.

मुंबईतील कार्यही प्राणांचे मोल घेतच पुढे गेले. नॉट प्रकृतीमुळे १८१५ मध्ये परतला. १८१७ पासून मिशनच्या छापखान्यातून मराठी मजकूर देवनागरीत छापला जाऊ लागला. न्यूएल १८२१ मध्ये मुंबईत पटकीने मरण पावला. मार्च १८२६ मध्ये नाशिककडे गेलेल्या हॉलने तेथे पटकीची साथ पाहून जवळची औषधे रोग्यांना वाटून टाकली आणि परतीच्या वाटेवर एका खेड्यात तोही त्याच रोगाने गेला. मराठी 'नवा करार' पूर्ण छापून झाला तो त्याच वर्षी.

स्त्रियांच्या कार्याचा जो मार्ग हॅरिएटला विवाहाच्या दारातूनच खुला झाला होता, तो मराठी मुलखातच काहीसा रुंद झाला. १८२४ मध्ये मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली. १८२७ मध्ये सिंथिया फॅरार ही अविवाहित शिक्षिका बोर्डाने मुंबईस पाठविली. पुढे ती अहमदनगरास (आजचे अहिल्यानगर) गेली आणि १८६२ मध्ये मरण पावेपर्यंत तेथे मुलींच्या शिक्षणाचे कार्य करीत राहिली. तिची शाळा पाहून आपल्यावर झालेल्या परिणामाचा उल्लेख जोतीराव फुले यांनी केला आहे. पुण्यातील त्यांची मुलींची शाळा १८४८ मध्ये निघाली. मात्र येथे कार्यकारणाची साखळी ताणू नये. फुल्यांच्या कार्याची मुळे त्यांच्या स्वतःच्या समाजस्थितीच्या आकलनात आहेत. मिशनची शाळा हे त्यांना मिळालेले एक उदाहरण होय. आणि फॅरारची जवळजवळ तीन तपांची सेवा हॅरिएटच्या स्मरणकथेइतकी लोकप्रिय कधी झाली नाही, हेही नमूद केले पाहिजे. अकाली मृत्यूची कथा जशी मनाची पकड घेते तशी दीर्घ व नित्याच्या कष्टांची घेत नाही.

८

मराठी अभ्यासकास या ठिकाणी दुसऱ्या एका प्रवासाची आठवण होणे साहजिक आहे. हॅरिएटने ज्या सेरामपूर गावात आश्रय घेतला होता त्याच गावी, एकाहत्तर वर्षांनी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, आनंदीबाई जोशी यांनी आपण अमेरिकेस का जात आहो याविषयी महाविद्यालयाच्या सभागृहात भाषण केले. त्याही तेव्हा अठरा वर्षांच्या आतबाहेर होत्या. एप्रिल महिन्यात कलकत्त्याहून त्या निघाल्या, १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथे वैद्यकाची पदवी त्यांनी मिळविली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला. योजिलेले कार्य त्यांच्याही हातून सुरू होऊ शकले नाही. त्यांचेही जीवन प्रथम इतरांनी सांगितले: अमेरिकेत कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ मध्ये आणि मराठीत काशीबाई कानिटकर यांनी.

साम्याइतकाच भेदही महत्त्वाचा आहे. हॅरिएट निघाली ती देण्यासाठी. आपल्याजवळ जे आहे ते पुरेसे आहे व समोरच्यांजवळ ते नाही, या खात्रीने. आनंदीबाई निघाल्या त्या विद्या घेण्यासाठी आणि आपला धर्म न सोडता परत येण्याचे जाहीर आश्वासन देऊन. एकीस परदेशाची भाषा येत नव्हती. दुसरीने ती शिकून त्या भाषेत सभा जिंकली. म्हणूनच आनंदीबाईंच्या पत्रांत अमेरिका ही माणसांच्या नावांनिशी, वादविवादांनिशी व मैत्रीनिशी येते. हॅरिएटच्या लेखनात बंगाल दुरून पाहिलेल्या देखाव्यासारखा राहतो.

तात्पर्य, हॅरिएट न्यूएलच्या जीवनाचे मूल्यमापन तिच्या हातून काय घडले या मापाने करता येत नाही. तिच्या नावावर पुढे जे जमा झाले त्या मापाने करणेही योग्य नव्हे. अठरा वर्षांच्या एका मुलीने मोठा निर्णय घेतला. व्यापारी कंपनीचे धोरण, दोन राष्ट्रांचे युद्ध, एक गळके जहाज आणि एक आनुवंशिक वाटावा असा रोग यांनी तो निर्णय नऊ महिन्यांत संपविला. तिच्या मागे उरलेल्या कागदांतून एका पतीने सांत्वन घेतले, एका उपदेशकाने बोध घेतला, एका संस्थेने आधार घेतला. अभ्यासकाने त्या कागदांकडे जाताना या तिघांचे हात ओळखून बाजूस सारावेत आणि मग जे उरेल ते वाचावे. जे उरते ते थोडे आहे: आईस लिहिलेली काही पाने, बोटीवरील दिवसांच्या काही नोंदी, नदीकाठच्या झोपड्यांचे एक वर्णन. परंतु तेवढेच तिचे स्वतःचे आहे.